गंधपरीक्षा शिकता येते काय? – घ्राणकंदातील रसायने व नव्या चेतापेशी

गंध हा पृथ्वी महाभूताचा विशेष गुण व घ्राण हे त्याचे ग्रहण करणारे इंद्रिय, एवढे आपण सर्वजण पदार्थविज्ञानाच्या पहिल्या पाठात शिकतो आणि बहुधा तेथेच थांबतो. पुढे द्रव्यगुणाच्या अभ्यासात ‘सुगंधी’, ‘उग्रगंधी’, ‘विशिष्टगंधी’ अशी विशेषणे वाचनात येतात, परीक्षेत ती लिहिलीही जातात. परंतु ‘विशिष्ट’ म्हणजे नेमका कोणता गंध, आणि तो त्याच्यासारख्या दुसऱ्या गंधापासून वेगळा कसा ओळखावा, याचे शिक्षण क्वचितच मिळते. आयुर्वेदिक फार्माकोपियात द्रव्याच्या वर्णनात वर्ण व रस यांच्या जोडीने गंधाचीही नोंद असते. ती नोंद उपयोगी पडावयाची तर वाचणाऱ्याचे नाक आधी तयार झालेले असावे लागते.

कच्च्या मालाच्या बाजारात असा एक समज दृढ आहे की, नाक ही जन्मजात देणगी होय. ज्याला आहे त्याला आहे, नाही त्याला नाही. आमच्या मते हा समज चुकीचा असून औषधनिर्मितीच्या दृष्टीने तो घातकही आहे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मेंदूविषयी जे संशोधन झाले त्यावरून असे दिसते की, दोन अगदी सारख्या गंधांतील भेद ओळखणे ही मुख्यतः शिकण्याची गोष्ट आहे, आणि हे शिकणे विशिष्ट परिस्थितीतच घडते. ती परिस्थिती कोणती, हे समजून घेतल्यास आपल्या औषधशाळेत व कोठारात तिचा उपयोग करून घेता येईल. या हेतूने हा विषय व्यावसायिक बंधुभगिनींसमोर मांडीत आहोत.

चरकसंहितेने वैद्याकडून या बाबतीत बरीच अपेक्षा केली आहे. विमानस्थानाच्या चौथ्या अध्यायात रुग्णाच्या शरीराचा रस अनुमानाने जाणावा असे सांगितले आहे, कारण तो चाखून पाहणे शक्य नाही. परंतु रुग्णशरीराचे प्राकृत व वैकृत गंध वैद्याने स्वतःच्या घ्राणेंद्रियानेच पारखावेत, असा स्पष्ट निर्देश आहे. इंद्रियस्थानातील पुष्पितक अध्याय तर मुख्यत्वे शरीरगंधावरून अरिष्ट ओळखण्याविषयीच आहे. म्हणजे घ्राण हे वैद्याचे एक उपकरण मानले गेले होते. उपकरण म्हटले की ते राखावे लागते व चालविण्यास शिकावे लागते.

नासिकेपासून घ्राणकंदापर्यंत

नाकाच्या वरच्या भागात श्लेष्मल त्वचेचा एक लहानसा पट्टा आहे. त्यातील संवेदी पेशींवर गंधकणांना धरून ठेवणारी प्रथिने, म्हणजे रिसेप्टर असतात. त्यांच्या जनुकांचे मोठे कुल लिंडा बक व रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये शोधून काढले व २००४ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. मनुष्यात असे सुमारे ४०० कार्यक्षम प्रकार आहेत, उंदरात सुमारे १०००. एक संवेदी पेशी साधारणपणे एकाच प्रकारचा रिसेप्टर धारण करते. परंतु एक गंध एकाच रिसेप्टरला लागू पडतो असे नाही. तो अनेकांना कमीअधिक प्रमाणात लागू पडतो, आणि त्या सर्वांचा मिळून जो आराखडा तयार होतो तोच मेंदूच्या दृष्टीने त्या गंधाची ओळख ठरतो.

संवेदी पेशींचे तंतू झर्झरास्थीच्या छिद्रांतून वर जाऊन मेंदूच्या तळाशी असलेल्या घ्राणकंदात, म्हणजे ऑल्फॅक्टरी बल्बमध्ये शिरतात. एकाच प्रकारच्या रिसेप्टरच्या पेशींचे तंतू तेथे एकाच ठिकाणी गोळा होतात व गुच्छिका तयार होतात. तेथून मायट्रल पेशी हा संदेश पुढे नेतात. येथवरची रचना सरळ आहे. खरी गंमत पुढे आहे.

मायट्रल पेशींच्या खालच्या थरात ग्रॅन्युल पेशी नावाच्या फार मोठ्या संख्येतील लहान पेशी असतात. त्यांना लांब पल्ल्याचा तंतू नसतो. त्या फक्त शेजारच्या मायट्रल पेशींशी जोडलेल्या असतात व ‘गाबा’ या द्रव्याच्या द्वारा त्यांना आवर घालतात. आवर घालण्याने शिकण्यास मदत कशी होते, असे वाटणे साहजिक आहे. सुपात धान्य पाखडताना आपण नवे काही घालीत नाही, फक्त नको ते उडवून देतो, आणि त्यामुळेच हवे ते दिसू लागते. तसाच हा प्रकार होय. दोन सारखे गंध घेतले तर त्यांचे आराखडे बव्हंशी एकावर एक पडतात. ग्रॅन्युल पेशी त्यातील सामाईक भाग दाबून टाकतात आणि जो थोडासा वेगळा भाग उरतो तो उठून दिसतो. पाखडणारे हात जितके जास्त व जितके सरावाचे, तितका निवाडा स्वच्छ.

हे हात मेंदूत नव्याने येत असतात, हा या विषयातील सर्वांत आश्चर्यकारक भाग.

नव्या पेशींचे आगमन

प्रौढ मेंदूत नवी चेतापेशी निर्माण होत नाही, असे आपल्या पिढीच्या शरीरक्रियेच्या पुस्तकांत ठामपणे लिहिलेले असे. त्याविरुद्ध पुरावा मात्र जोसेफ ऑल्टमन यांनी १९६० च्या दशकातच दिला होता; प्रौढ मोठ्या उंदरांच्या घ्राणकंदात नव्या पेशी येतात हे त्यांनी १९६९ मध्ये दाखविले. त्याकडे फार काळ दुर्लक्ष झाले. पुढे १९९४ मध्ये लोइस व अल्वारेझ-बुइया यांनी या पेशींचा मार्गच दाखवून दिला. मेंदूतील पार्श्व पोकळीच्या भिंतीलगत त्या जन्म घेतात, एकमेकींना धरून साखळीने पुढे सरकतात व घ्राणकंदात पोहोचून बहुतांशी ग्रॅन्युल पेशी बनतात. उंदरात हा प्रवाह आयुष्यभर, रोज हजारोंच्या संख्येने चालू असतो.

पण आलेल्या सर्व पेशी टिकत नाहीत. सुमारे निम्म्या काही आठवड्यांत नष्ट होतात. जन्मापासून साधारण १४ ते २८ दिवसांच्या काळात त्यांचे भवितव्य ठरते. या काळात गंधाची संवेदना मिळाली तर त्यांच्या जोडण्या पक्क्या होतात. नाकपुडी बंद करून संवेदनाच रोखली तर त्या मोठ्या प्रमाणावर मरतात. पॅरिस येथील संशोधकांनी २००२ मध्ये उंदरांना निरनिराळ्या गंधांच्या परिसरात ठेवले असता घ्राणकंदात नव्या पेशी अधिक आढळल्या व त्या उंदरांची गंधस्मृतीही सुधारलेली दिसली.

२००९ मध्ये फ्रान्समधील लियों येथे झालेला प्रयोग मात्र आपण थोडा सविस्तर पाहू, कारण आपल्या कामाशी त्याचा जवळचा संबंध आहे. लिमोनीन हे द्रव्य संत्र्याच्या सालीच्या तेलात विपुल असते. त्याचे डाव्या-उजव्या हातासारखे दोन आरसाप्रतिम प्रकार आहेत. अणू तेच, संख्या तीच, फक्त मांडणी उलटी. शिक्षण न मिळालेल्या उंदराला हे दोन गंध वेगळे ओळखता येत नाहीत. ते कसे समजते? उंदराला एकच गंध पुन्हा पुन्हा दिला की त्याची उत्सुकता संपते व तो हुंगणे कमी करतो. मग दुसरा गंध द्यावयाचा. उंदीर पुन्हा जोमाने हुंगू लागला तर त्याला तो वेगळा वाटला. नाही हुंगला तर त्याच्या लेखी तो पहिलाच. न बोलणाऱ्या प्राण्याकडून उत्तर काढून घेण्याची ही युक्ती साधी पण चोख आहे.

या उंदरांच्या पिंजऱ्यात दोन्ही लिमोनीन रोज एक तास, दहा दिवस ठेवण्यात आले. बक्षीस नाही, शिक्षा नाही. दहा दिवसांनंतर उंदीर दोन्ही गंधांत भेद करू लागले, आणि त्यांच्या घ्राणकंदात टिकून राहिलेल्या नव्या पेशींची संख्याही वाढलेली आढळली. याच काळात काही उंदरांच्या मेंदूत पेशीविभाजन रोखणारे औषध सोडून नव्या पेशींचा पुरवठा बंद केला, तेव्हा ते उंदीर तेवढाच काळ त्याच गंधांत राहूनही काही शिकले नाहीत. या प्रकारच्या शिक्षणासाठी नव्या पेशी केवळ उपयुक्त नसून आवश्यक आहेत, असा निष्कर्ष त्यातून निघाला.

लिमोनीनचे नाव काहींना परके वाटेल म्हणून घरचे उदाहरण देतो. बाळंतशेपेच्या व पुदिन्याच्या गंधात साम्य आहे असे कोणी म्हणणार नाही. तथापि दोहोंतील प्रमुख गंधद्रव्य कार्व्होन हेच आहे. बाळंतशेपेत त्याचा एक आरसाप्रतिम प्रकार, पुदिन्यात दुसरा. आपले नाक हा भेद सहज करते. नाकाची मूळ क्षमता किती सूक्ष्म आहे याचा हा पुरावा आपल्या स्वयंपाकघरातच आहे.

रसायनांचे कार्य

आता प्रश्न असा की, पिंजऱ्यात दिवसभर कितीतरी गंध असतात. मग नेमक्या कोणत्या गंधासाठी नव्या पेशी राखावयाच्या हे घ्राणकंद कसे ठरवितो? येथे मेंदूतील रासायनिक संदेशवाहकांचा संबंध येतो.

मेंदूच्या देठात लोकस सेरुलियस, म्हणजे शब्दशः ‘निळसर जागा’, असे एक लहान केंद्र आहे. मेंदूतील नॉरॲड्रेनॅलिनचा मुख्य पुरवठा तेथून होतो आणि त्याचे तंतू घ्राणकंदातही भरपूर पसरलेले आहेत. काही नवे, अनपेक्षित किंवा महत्त्वाचे घडले की हे केंद्र जागे होते. लियोंच्याच गटाने २०१२ मध्ये दाखविले की, गंधांच्या सहवासाच्या काळात नॉरॲड्रेनॅलिनचे कार्य औषधाने रोखले तर उंदरांचे शिकणे होत नाही. उलट ते कार्य औषधाने वाढविले तर गंधभेदाची क्षमता वाढते. मात्र नव्या पेशींचा पुरवठा चालू असेल तरच. रसायन एकटे पुरेसे नाही, पेशी एकट्या पुरेशा नाहीत.

मेंढीचे उदाहरण याहून बोलके आहे. प्रसूतीनंतर सुमारे दोन तासांत मेंढी आपल्या कोकराचा गंध शिकते व पुढे परक्या कोकराला आचळाशी येऊ देत नाही. धनगरांना हे सांगावयास नको. प्रसूतीच्या वेळी तिच्या घ्राणकंदात नॉरॲड्रेनॅलिन मोठ्या प्रमाणात स्रवते, आणि त्याचे कार्य रोखल्यास तिला आपले व परके हा भेद करणे अवघड होते, असे फ्रान्स व इंग्लंडमधील अभ्यासांत दिसून आले आहे. एरव्ही दहा दिवस लागणारे काम येथे दोन तासांत होते, कारण त्या दोन तासांइतके महत्त्वाचे त्या प्राण्याच्या आयुष्यात दुसरे काही नसते.

दुसरे द्रव्य ॲसिटिलकोलीन. अग्रमस्तिष्काच्या तळाकडील पेशींपासून ते घ्राणकंदात येते व सारख्या गंधांना वेगळे करण्याच्या कामी येते. २००२ मध्ये मोठ्या उंदरांवर झालेल्या प्रयोगात स्कोपोलामाइन देऊन त्याचे कार्य अडविले असता, अनुभवाने येणारी गंधांची सूक्ष्म जाण निर्माण झाली नाही. स्कोपोलामाइन आपल्याला परके नाही. धत्तूर व पारसिक यवानी, म्हणजे खुरासानी ओवा, या दोहोंत ते असते. आपल्या मांस्यादि क्वाथात पारसिक यवानी अल्प भागाने पडते. तेवढ्या मात्रेवरून घ्राणाविषयी काही निष्कर्ष काढणे धाडसाचे ठरेल. परंतु आधुनिक वैद्यकातील ॲसिटिलकोलीनविरोधी औषधे दीर्घकाळ घेणाऱ्या वृद्धाला आपण ही द्रव्ये देत असू, तर स्मृती व अवधान यांच्या दृष्टीने हिशेब ठेवणे अगत्याचे आहे. सेरोटोनिन व घ्राणकंदाच्या स्वतःच्या पेशींत तयार होणारे डोपामिन यांचेही येथे कार्य आहे. विस्तारभयास्तव ते सोडतो.

आत्मा, इंद्रिय, मन व अर्थ यांचा सन्निकर्ष झाल्याशिवाय प्रत्यक्ष ज्ञान होत नाही, हे चरकांनी तिस्रैषणीय अध्यायात सांगितलेले सूत्र येथे कोणालाही आठवेल. नाक आहे, गंध आहे, पण मन तेथे नसेल तर ज्ञान नाही. तरीही ‘मन म्हणजेच नॉरॲड्रेनॅलिन’ किंवा ‘आपल्या आचार्यांना हे आधीच ठाऊक होते’ अशी समीकरणे मांडण्याचा मोह आम्ही टाळतो आणि इतरांनीही टाळावा असे सुचवितो. दोन शास्त्रांच्या भाषा वेगळ्या आहेत. एकाच अनुभवाकडे दोहोंनी बोट दाखविले, एवढे म्हणणे पुरेसे आहे.

मनुष्यात काय घडते?

उंदरावरील निष्कर्ष मनुष्यास जसेच्या तसे लावता येत नाहीत, आणि या विषयात तर मुळीच नाहीत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार नव्या पेशींचा प्रवाह मानवी अर्भकात जोमदार असतो, परंतु वयाच्या दीड वर्षापर्यंत तो जवळजवळ आटतो. स्टॉकहोम येथील संशोधकांनी २०१२ मध्ये एका वेगळ्याच मार्गाने तपासणी केली. अणुबाँबच्या चाचण्यांमुळे वातावरणात वाढलेला कार्बन-१४ ज्या काळात पेशी जन्मते त्या काळाचा शिक्का तिच्या डीएनएवर ठेवून जातो. त्यावरून मानवी घ्राणकंदातील चेतापेशींचे वय काढले असता त्या जवळपास व्यक्तीच्याच वयाच्या निघाल्या. शंभर वर्षांत एक टक्काही पेशी बदलत नसाव्यात असा त्यांचा अंदाज आहे. नाकाच्या त्वचेतील संवेदी पेशी मात्र मनुष्यातही नव्याने येत राहतात.

तेव्हा ‘अमुक तेलाच्या नस्याने मेंदूत नव्या चेतापेशी निर्माण होतात’ अशी जी वाक्ये व्याख्यानांतून व माहितीपत्रकांतून ऐकू येऊ लागली आहेत, ती या पुराव्यापुढे टिकणारी नाहीत. नस्याचे स्थान ऊर्ध्वजत्रुगत विकारांत आपल्या अनुभवाने व शास्त्राने सिद्ध आहे. त्याला असल्या उसन्या आधाराची गरज नाही. औषधनिर्मात्यांनी तरी आपल्या वेष्टनावर असे विधान छापू नये.

मग मनुष्य गंधभेद शिकत नाही काय? अवश्य शिकतो. शिकागोजवळील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात २००६ मध्ये असे आढळले की, एखादा गंध सलग साडेतीन मिनिटे घेतल्यावर त्याच्याशी संबंधित गंधांतील बारकावे लोकांना अधिक चांगले ओळखता येतात. त्याच गटाने २००८ मध्ये, मुळात मुळीच वेगळे न वाटणारे दोन आरसाप्रतिम गंध घेतले व त्यांपैकी एकासोबत सौम्य विजेचा झटका दिला. थोड्याच वेळात त्या व्यक्ती दोन्ही गंध वेगळे ओळखू लागल्या, आणि मेंदूच्या गंधविषयक बाह्यकात, म्हणजे पिरिफॉर्म कॉर्टेक्समध्ये, त्या दोन गंधांचे आराखडे एकमेकांपासून दूर गेलेले दिसले. मनुष्यात हे काम नव्या पेशींपेक्षा जुन्याच पेशींच्या जोडण्या बदलून होत असावे. परंतु नियम तोच दिसतो: जवळजवळचे दोन गंध, पुन्हा पुन्हा संपर्क, आणि त्या भेदाला त्या व्यक्तीच्या लेखी काही महत्त्व.

मनुष्य एक लाख कोटी गंध ओळखू शकतो असे २०१४ नंतर सर्वत्र छापले जाते. त्या आकड्यामागील गणितावर इतर शास्त्रज्ञांनी लगेच आक्षेप घेतले आहेत; व्याख्यानात तो वापरू नये हे बरे.

गंध गमावलेला रुग्ण

२००९ मध्ये जर्मनीतील ड्रेस्डेन येथे हुमेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी गंधक्षमता कमी झालेल्या रुग्णांना गुलाब, निलगिरी, लिंबू व लवंग असे चार गंध दिवसातून दोनदा, बारा आठवडे घेण्यास सांगितले. ज्यांनी हा सराव केला त्यांच्यात न करणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारणा आढळली. कोविड-१९ च्या साथीनंतर ही पद्धत जगभर वापरली गेली. त्या विकारात विषाणू प्रामुख्याने गंधपेशींना नव्हे, तर त्यांना आधार देणाऱ्या पेशींना ग्रासतो, असे २०२० पासूनचे संशोधन सांगते. पुण्याच्या आयसर संस्थेत घ्राणकंद व गंधशिक्षण यांवर उंदरांवरील संशोधन चालते; साथीच्या काळात तेथील गटाने यंत्राच्या साहाय्याने रुग्णांच्या घ्राणशक्तीचे मापनही केले.

हे चारही गंध आपल्या दवाखान्यात उपलब्ध असतात. प्रत्येक गंध दहा-पंधरा सेकंद, सावकाश व लक्ष देऊन घ्यावा. त्या वेळी तो गंध पूर्वी कसा वाटत असे हे आठवण्याचा प्रयत्न करावा. रुग्णाला दोन आठवड्यांत गुण येईल असे आश्वासन देऊ नये. डोक्याला मार लागल्यानंतर गंध गेला असेल, एकाच नाकपुडीतून जात असेल किंवा रक्त येत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे प्रथम पाठवावे. साठीच्या आसपासच्या रुग्णाचा गंध सर्दीचे कारण नसता हळूहळू गेला असेल, तर कंपवाताच्या दृष्टीने चौकशी करावी. त्या व्याधीत घ्राणकंद व वर सांगितलेली ‘निळसर जागा’ या दोन्ही ठिकाणी हात थरथरू लागण्यापूर्वीच बिघाड सुरू होतो असे मानले जाते.

औषधशाळेतील नासिका

आता मूळ प्रयोजनाकडे वळतो. काही वर्षांपूर्वी जटामांसी म्हणून आलेल्या पोत्याचे तोंड उघडताच आमच्या कोठारात वीस वर्षे निवडटिपण करणाऱ्या बाईंनी ‘यात तगर आहे’ असे सांगितले. त्या वेळी तेथे असलेल्या दोन तरुण पदवीधर वैद्यांना गंध ‘जटामांसीसारखाच’ वाटला. सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली व बाईंचे म्हणणे खरे ठरले. दोन्ही द्रव्ये एकाच वर्गातील, दिसण्यात जवळची. साठवणीत तगराला येणारा घामट, आंबूस वास हाच चटकन कळणारा भेद. त्या तरुणांच्या नाकात दोष नव्हता. त्यांनी आजवर जटामांसी पाहिली होती ती बहुधा एकटीच, आणि तीही बरणीतील जुन्या चूर्णाच्या रूपात. बाई वीस वर्षे दोन्ही पोती शेजारी-शेजारी निवडीत होत्या आणि चुकल्यास त्याची जबाबदारी त्यांच्यावर येत होती. लियोंच्या उंदरांना व शिकागोच्या त्या व्यक्तींना जे मिळाले ते सर्व त्यांना मिळाले होते.

एचपीटीएलसी यंत्र आता पुष्कळ ठिकाणी उपलब्ध आहे, मग नाकाची काय गरज, असा प्रश्न काही औषधनिर्माते करतात. यंत्राकडे नमुना जातो, पोते जात नाही. नमुना कोणत्या पोत्यातून व कोणत्या थरातून घ्यावा, कोठे संशय घ्यावा, हे अद्याप कोठारातला मनुष्यच ठरवितो. आणि लहान औषधशाळेला प्रत्येक खेपेस बाहेरून तपासणी परवडत नाही, हेही वास्तव आहे. शिवाय स्नेहपाकात गंध प्रकट होणे हे सिद्धीलक्षण, आसवारिष्टात आंबट गंध येणे हा बिघाडाचा इशारा. कढईजवळ किंवा संधानपात्राजवळ हा निर्णय त्या क्षणी घ्यावा लागतो.

आमच्याकडे गेली काही वर्षे जी पद्धत चालते ती येथे देतो. द्रव्य एकटे कधीच शिकवावयाचे नाही, जोडीनेच शिकवावयाचे: जटामांसी व तगर, बाळंतशेप व बडीशेप, ओवा व खुरासानी ओवा, गुग्गुळ व सालईचा डिंक, श्रीलंकेची पातळ दालचिनी व जाड सालीची कॅसिया, चांगली लवंग व तेल काढून घेतलेली लवंग, ताजे तूप व खवट होऊ लागलेले तूप. एका वेळी एकच जोडी. रोज सकाळी काम सुरू होण्यापूर्वी पाच-सात मिनिटे, निदान दोन आठवडे. तासभर सलग हुंगण्यात अर्थ नाही, कारण नाक थोड्याच वेळात त्या गंधाला सरावते व उत्तर देईनासे होते; दोन नमुन्यांच्या मध्ये अर्धा मिनिट तरी मोकळी हवा घ्यावी. सर्दी असलेल्यास त्या दिवशी सुटी.

शिकणाऱ्याने आधी उत्तर द्यावे, मग लगेच बरोबर की चूक ते सांगावे. उत्तर न मागता नुसते ‘हे हुंगा, हे तगर’ असे सांगत गेल्यास मन तेथे राहत नाही. डबीवर नाव नसावे, अंक असावा. दोन आठवड्यांनंतर परीक्षा तीन डब्यांची घ्यावी: दोन डब्यांत एकच द्रव्य, तिसऱ्यात जोडीतले दुसरे, वेगळी डबी कोणती ते सांगावयाचे. नुसत्या अंदाजाने तीनांतून एकदा उत्तर बरोबर येणारच, म्हणून असे दहा प्रयत्न द्यावेत. दहापैकी सात किंवा अधिक वेळा बरोबर आले तर ते नशिबाचे नसावे असे धरण्यास हरकत नाही. अंदाजाने तसे घडण्याचा संभव शंभरात दोनच्या आसपास आहे. पाच-सहावर अडलेल्या माणसाला नापास ठरवू नये, त्याच जोडीचे आणखी दोन आठवडे द्यावेत. आमच्या पाहण्यात गुग्गुळ व सालईची जोडी शिकण्यास सर्वांत जास्त वेळ घेते. थंड डिंकापेक्षा निखाऱ्यावर चिमूटभर टाकून धूर दुरूनच घेतल्यास भेद लवकर कळतो.

चूर्ण नाकाजवळ नेऊन ओढू नये. अखंड द्रव्य ताजे तोडून किंवा जाडसर ठेचून हुंगावे, म्हणजे वेखंड, मिरी यांच्या धुळीने शिंका येत नाहीत व गंधही खरा कळतो. बिब्बा, बचनाग व इतर विषद्रव्ये या सरावातून पूर्णपणे वगळावीत. नमुने काचेच्या घट्ट बुचाच्या डब्यांत, उन्हापासून दूर ठेवावेत व प्रत्येकावर भरल्याची तारीख लिहावी. सुगंधी द्रव्यांचे नमुने आम्ही दर सहा महिन्यांनी बदलतो. बदललेले जुने नमुने टाकून न देता ‘जुनी लवंग’, ‘जुना वेलदोडा’ म्हणून नव्यांच्या शेजारी ठेवतो, त्यामुळे नवी जोडी आपोआप तयार होते.